खोड लपवून विकलेला माणूस

मला माझ्या मेव्हण्यानं फसवलं. त्याचं नाव अंकुश. मला फसवून तो थांबला नाही, माझ्याच तोंडून त्यानं माझ्या ओमानच्या मालकालाही फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणाला अंदाज बांधत बसायला नको.

मी भीमराव. माळशिरस तालुक्यातल्या मेंढपाळ घरात जन्मलो. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, मी ती विकायला शिकलो. सोलापुरात घर बांधलं ते आठवडी बाजारांच्या जोरावर, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. माझा स्वभाव तापट आहे, हे बायको मला रोज सांगते. मला सांध्यांचा आजार आहे, आपल्याकडं त्याला आमवात म्हणतात. तो बरा होत नाही, आवरून धरता येतो. चांगला आवरलेला असताना मी परदेशी कामाला गेलो आणि हात घालवून परत आलो. तुमच्यापैकी कुणाला असा जन्माचा आजार असेल आणि कुणी तिकडं न्यायला आलं असेल, तर हो म्हणायच्या आधी हे वाचा.

रुमालाखाली

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून आकडा सांगितला जातो. भोवतीच्यांना काही कळत नाही.

मंद्रूपच्या बाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं, शिवाप्पानं, रुमालाखाली माझी तीन बोटं एकदम दाबली आणि मी ओरडलो. भोवतीची माणसं हसायला लागली.

"भीमराव, भाव एवढा झोंबला व्हय?"

मीही हसलो. पण बोटांच्या बुडाशी कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं वाटत होतं. हात सोडवून घ्यायचा म्हणून मी शिवाप्पाचा भाव मान्य केला. असं मी जन्मात केलं नव्हतं. शिवाप्पालाही ते पचलं नाही. मेंढरं घेताना तो पुन्हा पुन्हा त्यांचे दात बघत होता, यात काहीतरी गोम असणार म्हणून.

मग सकाळी मूठ मिटेना. कडक भाकरी मोडता येईना. सुनंदा, माझी बायको, भाकरीचे तुकडे करून ताटात ठेवायला लागली आणि मी तिच्यावर ओरडायला लागलो. ती तुकडे तेवढे आणखी बारीक करायची.

घासाघीस

निदान झालं ते सोलापुरातल्या एका दवाखान्यात. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझा हात पुढ्यात घेतला आणि एकेक सांधा दाबून "इथं दुखतं? इथं?" असं विचारत गेल्या. मी मेंढराची पाठ जशी चाचपतो तशी. तेव्हाच मला वाटलं, या बाईला माल कळतो.

रक्ताचे निकाल आल्यावर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मी विचारलं, "गोळ्या किती दिवस?"

"कायमच्या."

"मॅडम, कायमच्या कसं? एक वर्ष घेतो."

"भीमराव, कायमच्या."

"बरं, दोन वर्षं. पथ्य पाळतो वरून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बाजारात काय करता ते मला माहीत नाही. इथं एकच भाव आहे."

बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. बरोबर आलेली सुनंदा म्हणाली, "हात तर न्हाईत ना कापायचे? मग उठा की." मला तिचा राग आला. माझे हात म्हणजे माझं दुकान, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तीही घाबरली होती आणि तिला तेवढंच बोलता येत होतं. हे आता कळतं.

आठवड्यातून एकदा घ्यायची मुख्य गोळी, बाकी दिवशी दुसरी एक, आणि ठरावीक महिन्यांनी रक्ताची तपासणी. पहिले काही महिने काहीच फरक पडला नाही. मी दवाखान्यात जाऊन भांडून आलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि तीच गोळी पुन्हा लिहून दिली. मग एका सकाळी मी चहाची बशी उचलली आणि ती हातात राहिली. त्या दिवशी मी सुनंदाकडून भाकरी हिसकावून घेतली आणि स्वतः मोडली. ती हसत होती. पुढं वर्षभर मी पुन्हा बाजार केले. पहिल्यासारखे नाहीत, पण केले.

ही गोष्ट इथंच थांबायला हवी होती.

कोरडी हवा

अंकुश हा सुनंदाचा धाकटा भाऊ. माणसं परदेशी पाठवायचं काम करतो. कपडे इस्त्रीचे, बोलणं मधासारखं. तो मला दाजी म्हणतो आणि म्हणताना मान जरा तिरकी करतो.

तो आला ते ओमानचं काम घेऊन. मस्कतच्या पुढं एका मालकाचा जनावरांचा मोठा वाडा होता. जहाजानं मेंढरं यायची, ती बघून बरी-वाईट वेगळी करायला जाणता माणूस हवा होता.

"दाजी, उचलायचं न्हाय, धरायचं न्हाय. पोरं हायती त्याला. तुमी फक्त पाठीवर हात ठेवायचा आन् सांगायचं. आन् तितली हवा कोरडी. सांध्याला लई चांगली."

सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोलापूरची हवा काय दमट हाय का रं? हितं तर उन्हाळ्यात माठातलं पानी पन वाळतंय."

"आक्का, तू गप की जरा."

मला मोह झाला. खोटं कशाला सांगू? बाजारातून बाजारात टेम्पोनं हिंडणं आता जमत नव्हतं. तिकडं एका जागी बसून, हाताच्या नुसत्या स्पर्शावर काम होतं. ज्या गोष्टीसाठी मी मोठा झालो तेवढीच गोष्ट करायची. शिवाय परदेशी एका मालकाला सोलापूरचा माणूस हवा होता, हे ऐकून छाती फुगली.

तरी मी त्याला खोदून खोदून विचारलं. गोळ्यांचं काय? तो म्हणाला, "दाजी, ती तुमची आठवड्याची गोळी कॅन्सरवाल्यांना पन देत्यात. विमानतळावर पिशवीत सापडली तर तुमाला कॅन्सरचा पेशंट समजून माघारी धाडतील." मी डॉक्टरबाईंना विचारलं असतं, तर त्यांनी चिठ्ठी लिहून दिली असती आणि गोळ्या सरळ गेल्या असत्या. बाईंना विचारू नका, त्या जाऊच देणार नाहीत, असं अंकुशनं आधीच सांगून ठेवलं होतं. ते मला पटलं, कारण मलाही तीच भीती होती.

गोळीच्या बदली त्यानं पुड्या आणल्या. राज्याच्या सीमेपलीकडचा एक वैद्य देतो म्हणाला. सकाळी एक, दुधातून. नुसत्या झाडपाल्याच्या.

पहिल्या पुडीनंतर चार दिवसांत माझी बोटं अशी मिटायला लागली की मी सुनंदाला हाक मारून दाखवलं. भूक वाढली. गाल भरले. गल्लीतली माणसं म्हणायला लागली, "भीमराव, अंग धरलं की." मी अंकुशला म्हणालो, या पुड्या आधी का नाही आणल्यास. त्यानं मान तिरकी केली.

परदेशी जाणाऱ्यांची डॉक्टरी तपासणी होते, त्या दिवशी तो माझ्याबरोबर मुंबईला होता. "जुना आजार इचारतील. न्हाय म्हना. औषध इचारतील. न्हाय म्हना. बाकी तुमचं तुमी." मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.

वाडा

मालकाला तिकडं अरबाब म्हणतात. आमचा अरबाब साठीचा, उंच, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं माझ्यापुढं काही मेंढरं उभी केली. मी एकेकाच्या कमरेवर बोटं दाबत गेलो आणि त्यातली दोन बाजूला काढली. तो बघत राहिला. माझ्या खोलीत राहणारा बशीर, केरळचा, हिंदी आणि अरबी दोन्ही जाणणारा, यानं मला विचारलं, "भाईसाब, ये दो क्यों निकाला?"

मी सांगितलं, यांना मीठ चारलंय. आपल्याकडं हे चालतं. बाजाराच्या आधी जनावराला मीठ चारायचं, मग तहानेनं ते पोट फुटेस्तोवर पाणी पितं. अंग भरल्यासारखं दिसतं. गिऱ्हाईक फसतं. पण कमरेच्या मणक्यावर बोट दाबलं की वर मऊ लागतं आणि आत नुसतं हाड. दोन दिवसांत जनावर पुन्हा मोडतं, कधी मरतंही.

बशीरनं ते अरबाबला सांगितलं. अरबाबनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून वाड्यात माझा शब्द चालायला लागला.

माझ्या हातात तेव्हा कळ नव्हती. मी घरी फोन करून सुनंदाला सांगितलं, तुझ्या भावानं एक काम तरी नीट केलं.

पुड्या संपत आल्या तसा मी अंकुशला फोन लावला. पाठवतो म्हणाला. पुन्हा लावला, माणूस निघालाय म्हणाला. मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. मी बाजारात शंभर माणसांची कॉलर धरली असेल, पण समुद्रापलीकडून कॉलर कशी धरायची ते मला माहीत नव्हतं.

शेवटची पुडी झाली आणि आजार परत आला. पहिल्यापेक्षा वाईट. बोटं, मनगट, खांदे, गुडघे. सकाळी मला सदऱ्याचं बटण लावता येईना. मी खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायचो, म्हणजे बशीरला दिसू नये. त्याला दिसत होतंच. एक दिवस तो पुढ्यात येऊन उकिडवा बसला. "भाईसाब, शरम छोडो." आणि खालून वर एकेक बटण लावत गेला. लहानपणी आईनं लावली असतील, त्यानंतर माझी बटणं कुणी लावली नव्हती. मी त्याला शिवी दिली. तो म्हणाला, "गाली बाद में, अभी गर्दन ऊपर करो."

वाड्यात मी बोटं दाबण्याऐवजी नुसता तळहात ठेवून अंदाज सांगायला लागलो. चुकायला लागलो. मी बाजूला काढलेलं जनावर अरबाब पुन्हा एकदा स्वतः बघायला लागला. हे मला कळेपेक्षा जास्त लागलं.

मला हे कुणाला सांगता येत नव्हतं. सांगितलं तर आल्या दिवसापासून खोटं बोललो हे उघडं पडणार. नाही सांगितलं तर औषध मिळणार नाही. कितीही पेच असला तरी एक मधला भाव निघतो, यावर मी धंदा केला. इथं मधला भाव नव्हता.

पांढरी खोली

पुड्या बंद झाल्यावर सांधे दुखत होतेच, पण अंगातली ताकदही कुणीतरी काढून घेतल्यासारखी गेली. पोटात अन्न ठरेना. एका सकाळी वाड्यात उभा असताना डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी मेंढरांतच पडलो. ती बाजूला झाली, एकही अंगावरून गेलं नाही. असं बशीर सांगतो.

जाग आली ती दवाखान्यात. डॉक्टर हिंदी बोलणारे होते. त्यांनी विचारलं, "कोई दवा लेते थे?"

मी म्हणालो, "नहीं."

ते परत आले, परत विचारलं. मी परत नाही म्हणालो. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा गाल दोन बोटांत धरून दाबला, मग दंडावरची कातडी ओढून बघितली. ती कागदासारखी झाली होती. म्हणाले, "ये चेहरा अपने आप नहीं फूला. आपने महीनों कोई तेज़ दवा, शायद स्टेरॉइड, खाई है और एकदम बंद की है. सच बोलोगे तो बचोगे."

ते गेल्यावर मी स्वतःच्या गालाला हात लावला. वर मऊ. दाबलं तर आत हाड.

मला मीठ चारलं होतं. ज्या भीमरावाच्या बोटाखालून मीठ चारलेलं जनावर कधी निसटलं नाही, त्याला त्याच्या मेव्हण्यानं मीठ चारून, अंग भरवून, बाजारात उभं केलं होतं. आणि मी आरशात बघून खूश होत होतो.

डॉक्टर आले तेव्हा मी सगळं सांगितलं. आजार, गोळी, पुड्या, मुंबईच्या तपासणीत दोनदा म्हटलेलं 'नाही'. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, पुडीत काय होतं आणि किती होतं. ते मला माहीत नव्हतं.

दवाखान्याचे दिवस सगळे सारखेच. सकाळी रक्त काढणार, मग सलाईन, मग पातळ काहीतरी. नर्स मला चमच्यानं भरवायची आणि मी खिडकीकडं बघून गिळायचो. बशीर कामावरून यायचा आणि माझे केस विंचरायचा. सुनंदानं निघताना बांधून दिलेल्या शेंगाचटणीतली थोडी उरली होती, ती त्यानं एकदा कागदात आणली. दवाखान्यात चालत नव्हती. त्यानं चिमूटभर माझ्या जिभेवर ठेवली आणि दाराकडं पहारा देत उभा राहिला. त्या दिवसांत माझ्याशी कुणी केलेलं ते सगळ्यात चांगलं, आठवलं की अजून रडू येतं.

अरबाब एकदाच आला. खुर्ची ओढून बसला. बराच वेळ माझ्या हातांकडं बघत होता. मग अरबीत काहीतरी बोलला. बशीरनं जमिनीकडं बघत सांगितलं, "बोल रहे हैं, तुमने मेरी एक भेड़ का ऐब नहीं छुपने दिया. अपना क्यों छुपाया?"

मी हात चादरीखाली घेतले. मेव्हण्याचं नाव सांगितलं असतं तरी 'नाही' हा शब्द माझ्याच तोंडातून गेला होता. माझा विमा होता त्या कंपनीनंही तेच धरलं आणि हात वर केले. दवाखान्याचं अरबाबनं बघितलं, तिकीटही त्यानंच काढलं. तो मला ओरडला असता तर बरं झालं असतं.

परत

आता मी सोलापुरात आहे. डॉक्टरबाईंकडं गेलो तेव्हा वाटलं होतं, त्या हाकलून देतील. त्यांनी हात पुढ्यात घेतला आणि पहिल्यासारखा एकेक सांधा दाबला. काही सांधे आता दाबूनही हलत नाहीत. डाव्या हाताची बोटं वाकडी झाली ती सरळ होणार नाहीत. हाडं आतून ठिसूळ झाली आहेत. आठवड्याची गोळी पुन्हा सुरू आहे. पुडीतल्या औषधाच्या जागी बाई दुसरं देतात आणि ते थोडं थोडं कमी करतात. एकदम बंद केलं तर मी पुन्हा पडेन. दर वेळी त्या तेच विचारतात, "भीमराव, त्या पुडीत नक्की काय होतं? एखादी मिळाली तर तपासता येईल. मी अंदाजानं चाललेय."

मंद्रूपच्या बाजारात एकदा गेलो होतो. शिवाप्पानं सवयीनं रुमाल पुढं केला. मग माझा हात बघितला आणि रुमाल खांद्यावर टाकला. "चहा घेऊ या," म्हणाला. भाव तोंडानं सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तो माझ्यावर उपकार करत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात अंकुशचं नाव निघालं की मी भांडी फेकायचो. सुनंदा एकदा म्हणाली, "तो माजा भाऊ हाय. तुमी माजे मालक. मी कुनाच्या बाजूनं बोलू? फेका अजून, परात ऱ्हायलीया." मग दुसऱ्या दिवशी मला न सांगता ती माहेरी गेली. भावापुढं उभी राहिली आणि म्हणाली, एक पुडी दे. तो म्हणाला, "आक्का, झालं गेलं. दाजींना परदेश दाखीवला की मी." ती घोटभर पाणीही न पिता परत आली. आल्यावर तिनं मला भाकरी मोडून दिली आणि मी या वेळी ओरडलो नाही.

माझ्यासारख्यांना सांगायचं ते एवढंच. परदेशी जायचं तर जा, आजार घेऊनही माणसं जातात आणि काम करतात. पण आजार सांगून जा. औषध तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनं न्या. तिकडं ते मिळतं का, तपासणी कुठं होते, हे निघायच्या आधी विचारा. विचारल्यावर जो गप्प बसवतो त्याच्याबरोबर जाऊ नका. आणि कुठल्याही पुडीनं चार दिवसांत जादू झाली, तर आरशात बघू नका, दवाखान्यात जा.

मी हे लिहायला बसलो ते आणखी एका कारणानं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कामगाराला अंकुश आता तिकडं पाठवतोय असं कानावर आलं. त्याचे गुडघे धरलेले होते. आता तो पळतच कामावर येतो म्हणतात आणि त्याचे गाल भरलेत.

म्हणून अंकुश, आता तुझ्याशी बोलतो. तू मेंढपाळाच्याच घरातला आहेस. बाजाराचा कायदा तुला शिकवायला नको. खोड सांगून विकलं तर सौदा पक्का, घेणाऱ्याचं नशीब. खोड लपवून विकलं तर जनावर विकणाऱ्याच्या दारात परत येतं आणि त्याला पाच माणसांत बसून उत्तर द्यावं लागतं. मला तुझ्याकडून दुसरं काही नको. माझ्या हातांची भरपाई तुझ्याकडं नाही, ती कुणाकडंच नाही. येत्या बाजारी मंद्रूपला ये. शिवाप्पा असेल, तुझी बहीण असेल, त्या गुडघेवाल्या माणसालाही मी घेऊन येतो. सगळ्यांसमोर एक पुडी ठेव आणि सांग, त्यात काय होतं. माझ्या डॉक्टरबाई अंदाजानं चालल्यात.

मी परत आलोय, अंकुश. दावं धरायला ये.